तिसऱ्या इंजेक्शनचा गुरुवार

मी तापट बाई आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाला नवल वाटायला नको. नांदेडला मी गुप्तरोगाच्या दवाखान्यात नर्स होते. बाकीचे दिवस दवाखाना आणि गुरुवारी गल्ली. कोणती गल्ली ते नांदेडात कुणाला सांगावं लागत नसे. नुसतं गल्ली म्हटलं की रिक्षावाला आरशातून मागं बघायचा. मीही त्याच्याकडं अशी बघायचे की तो मुकाट समोर बघून रिक्षा हाणायचा.

पहिल्या गुरुवारी सुया, कापूस, औषधं मांडून तासभर बसले आणि एक बाई फिरकली नाही. दारं बंद, आतून मात्र हसण्याचे आवाज. माझं डोकं फिरलं. सगळं पिशवीत कोंबून निघणार, तेवढ्यात एक बाई समोर येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, "सिस्टर, तुमच्या नाकावर राग आन् हातात सुई. कोन येनार वो?" मग तिनं आतून एक पिवळा परकर आणला, बादलीत बुचकळला आणि गल्लीच्या तोंडाशी बांधलेल्या तारेवर वाळत घातला. पाच मिनिटांत दारं उघडायला लागली. तारेवर पिवळा परकर म्हणजे आलेलं माणूस भरवशाचं आहे, बरोबर खाकी नाही. ती त्यांची आपसातली खूण होती आणि तो तारेवर घालायचा मान फक्त तिचा होता.

तिला सगळी गल्ली अक्का म्हणायची. वयानं ती माझ्याच बरोबरीची, पण मीही अक्काच म्हणायला लागले. देगलूरकडची होती, चिडली की तेलुगूत शिव्या द्यायची आणि मला त्यांचा अर्थ मराठीत सांगताना स्वतःच लाजायची. दोन-चार महिन्यांत ती मला "तुमी" वरून "तू" वर आली. माझ्या दवाखान्यातल्या चहाला ती गरम पाणी म्हणायची आणि स्वतः आलं ठेचून असा चहा करायची की घशातून उतरताना कळावं. मी सुई टोचताना बायका ओरडल्या की ती त्यांना सांगायची, "बोंबलू नकोस गं, सिस्टरचा हात हलका हाय, तोंड तेवढं जड हाय."

सगळ्यांची कार्डं एका पत्र्याच्या डब्यात असायची आणि डबा अक्काकडं. कार्डावर खरी नावं नव्हती. हिरवं दार, जिन्याखालची, कोपऱ्यातली, अशी ओळख. प्रत्येक कार्डावर तारखेचा चौकोन आणि त्याच्यापुढं माझी सही. अक्काला वाचता येत नव्हतं, पण कुणाची सही राहिली असेल तर ती बोट ठेवून दाखवायची, "हितं तुजं गिरगट न्हाई."

तिच्यामुळं त्या गल्लीत एक रीत पडली होती. निरोध नाही म्हणणाऱ्या माणसाला एका दारानं परत पाठवलं की बाकीची दारंही त्याला घेत नसत. मी हे डोळ्यांनी बघितलंय. एक जाडजूड माणूस हुज्जत घालत होता. अक्का म्हणाली, "चहा पी आन् घरला जा, बायको वाट बगत आसंल." गडी चहा पिऊन गेला.

गल्ली चांगली होती असं मी कधीच म्हणणार नाही. तिथं मार खाल्लेल्या बायका मी पाहिल्यात, आणलेल्या पोरी पाहिल्यात, ज्यांचं वय विचारलं तर सगळ्या जणी गप्प बसायच्या. गुरुवारी घरी आले की मला जेवण जायचं नाही. हे सगळं बंद का करत नाहीत, एकदाचं कुलूप लावलं की रोगही जाईल आणि हालही संपतील, असं मी नवऱ्याजवळ तणतणायचे. मला ते तेव्हा अगदी खरं वाटायचं.

त्यामुळंच संक्रांतीला ते घडलं. आमच्या कॉलनीत एका बाईंकडं हळदीकुंकू होतं. वाण म्हणून स्टीलची वाटी, हातावर तिळगूळ आणि त्याच्याबरोबर एक कागद फिरत होता. गल्ली बंद करावी, रोगराईचं मूळ उपटावं, असा अर्ज. बायका हळद लागलेल्या बोटांनी सह्या करत होत्या. माझ्यापाशी कागद आला तेव्हा सगळ्या जणी म्हणाल्या, तुम्ही तर त्यातल्याच माहीतगार, तुमच्या सहीला वजन आहे. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मी झोकात सही केली आणि कुणी सांगितलेलं नसताना खाली लिहिलं, स्टाफ नर्स. मग घरी येऊन वाटी धुऊन मांडणीत ठेवली आणि कागद विसरून गेले. अशा अर्जांनी काय होतंय, असंच मनात होतं.

होळीच्या आधी अक्कानं स्वतःच हात पुढं केला. चौथा महिना लागला होता. तिनं हे सांगितलं तेव्हा मी ओरडणारच होते, पण तिचा चेहरा बघून गप्प झाले. याआधी दोनदा तिचं लेकरू पोटातच गेलं होतं. "ह्या टायमाला राहू दे गं," ती मला म्हणाली, जणू ते माझ्या हातात होतं. रक्त तपासलं आणि कळलं की ते खरंच माझ्या हातात आहे. तिला सिफिलिस होता, आपल्याकडं गरमी म्हणतात तो. आधीची दोन त्यानंच गेली असणार. डॉक्टरांनी समजावलं, आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं घ्यायची. तिन्ही वेळेवर झाली तर लेकराला सहसा धोका राहत नाही. मध्ये नऊ दिवसांपेक्षा जास्त गेले तर सगळं पहिल्यापासून. अक्कानं बोटांवर नऊ मोजले आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "तू येशील ना गुरवारी? मंग झालं."

पहिल्या गुरुवारी एक झालं, दुसऱ्या गुरुवारी दुसरं. ती कमरेला हात लावून लंगडत नाचून दाखवायची, दुखतंय म्हणून. कार्डावरचे दोन चौकोन भरले, दोन सह्या झाल्या.

बुधवारी गल्ली बंद झाली. मला ते कळलंसुद्धा नाही. गुरुवारी मी तिसरं इंजेक्शन घेऊन गेले तर रिक्षावाल्यानं तोंडाशीच थांबवलं. दारांना कुलपं, कुलपांना लाखेचे शिक्के. एका ओट्यावर तव्यासकट चूल राहिली होती. परकराची तार तुटून लोंबत होती. तिथल्या बांगडीवाल्या चाचांनी मला ओळखलं. म्हणाले, "अक्का लातूर की गाडी में बैठी. बर्तन छोडी, कपडे छोडी, डब्बा नै छोडी." मग हळू आवाजात त्यांनी सांगितलं, कॉलनीवाल्यांचा अर्ज होता म्हणे, त्यात दवाखान्याच्या नर्सचीसुद्धा सही आहे, असं कुलपं लावायला आलेले साहेब मोठ्यानं वाचून दाखवत होते. मी त्यांच्या दुकानाच्या फळीवर बसले.

माझ्या एका सहीवरच आदेश निघाला असं मी म्हणत नाही. ज्यांना करायचं होतं त्यांनी केलंच असतं. पण ही समजूत मी मनाला हजारदा घातली आणि एकदाही ती पटली नाही.

दर गुरुवारी रजा टाकून मी लातूरला जायला लागले. नवरा म्हणाला, डोकं फिरलंय तुझं. म्हटलं, हाव, फिरलंय. पण शोधायचं कुठं? गल्ली असती तर तोंड असतं, तार असती. इथं सगळी गल्ली गावभर विखुरलेली. कुणी लॉजवर, कुणी नुसत्या मोबाईलवर, कुणी भाड्याच्या खोलीत कुणाची तरी मावशी होऊन राहिलेली. क्लासच्या पोरापोरींनी भरलेल्या त्या गावात मी डाळमिलीच्या धुरळ्यातून उन्हातान्हात हिंडले. एका लॉजच्या पायरीवर गल्लीतलीच एक बाई दिसली. मला बघितलं आणि पदर तोंडावर घेऊन आत पळाली. जी मला बघून दार उघडायची, ती पळाली.

तिसऱ्या खेपेला मला अक्कल सुचली. गंजगोलाईतल्या दुकानातून मी पिवळाधमक परकर घेतला, एसटी स्टँडच्या नळाखाली भिजवला आणि समोरच्या कठड्यावर वाळत घालून शेजारी बसले. कंट्रोलर ओरडला, "ओ बाई, हे काय घर हाय का तुमचं?" मी म्हटलं, "वाळला की काढते, उगी बोंबलू नका." परकर उन्हात घटकाभरात वाळायचा, मी परत भिजवायचे. सगळं स्टँड मला वेडी समजत होतं. दुपारी एक माणूस जवळ येऊन घुटमळला. मला वाटलं गाडीचं विचारतोय. त्यानं खालच्या आवाजात विचारलं, "येती का?"

एवढी तोंडाळ मी, पण तोंडाआधी हात पायाकडं गेला. मी चप्पल काढली तसा तो गर्दीत सटकला, आणि मागून आवाज आला, "सिस्टर, तुला तर बसल्या बसल्या गिऱ्हाईक येऊन राहिलंय गं!"

मी वळून तिच्या गळ्यातच पडले. तिच्या दोन्ही हातांत जेवणाचे डबे होते. पोट चांगलं दिसायला लागलं होतं. मी रडत होते आणि ती म्हणत होती, "आगं, वरण सांडंल, वरण सांडंल."

दोघी-तिघींनी मिळून खोली घेतली होती आणि क्लासच्या पोरांसाठी मेस चालवतो असं घरमालकाला सांगितलं होतं. अक्का खरंच डबे करत होती. बाकीच्यांचं डब्यांवर भागत नव्हतं. स्टँडमागच्या रसवंतीत बसून तिनं जे सांगितलं ते मी पुढं कितीतरी मोठ्या लोकांना सांगायचा प्रयत्न केला, पण माझ्या तोंडून ते तसं येत नाही. ती म्हणाली, "गल्लीत एकीनं न्हाई म्हनलं की धा दारं न्हाई म्हनायची. हितं बाई एकटी. न्हाई म्हनलं की तो हात उचलतो. मंग ती कशाला न्हाई म्हनंल? आन् दुखलं-खुपलं तर दवाखान्यात काय म्हनून सांगंल? मेसवाली हाव म्हनून?"

इंजेक्शनं पहिल्यापासून सुरू करावी लागली. तिथल्या एका दवाखान्यात माझ्याबरोबर शिकलेली एक नर्स होती, तिच्या ओळखीनं डॉक्टरांना दाखवून पुन्हा पहिलं झालं. अक्कानं पत्र्याच्या डब्यातून तेच जुनं कार्ड काढलं. जुन्या दोन सह्यांवर रेघ मारून मी खाली नवी केली. पुढच्या गुरुवारी दुसरं झालं. प्रत्येक वेळी मी ठरवून जायचे की आज त्या अर्जाचं सांगून टाकायचं. बसमध्ये शब्द जुळवायचे. आणि ती समोर आली की आल्याचा चहा, तिच्या पायांची सूज, पोटातल्या लाथा, आणि माझं राहूनच जायचं. अक्कानं कधी विचारलं नाही की अर्ज कुणी केला. मला वाटायचं, तिला ठाऊकच नाही.

दुसऱ्या इंजेक्शनच्या दिवशी मी एक आगाऊपणा केला. तिसऱ्या डोसची बाटली आणि डॉक्टरांची चिठ्ठी तिच्याच डब्यात ठेवली. माझी मैत्रीण भडकली, असं हातात देतात का कुणी. मी तिला म्हटलं, गुरुवारवर माझा भरवसा उरला नाही. अक्काला सांगितलं, मी नसले, तू इथं नसलीस, तरी नवव्या दिवसाच्या आत कुठल्याही सरकारी दवाखान्यात जा आणि हे पुढं कर. तिनं डबा छातीशी धरला आणि हसत म्हणाली, "तू आसंलच की."

मी होते. पुढच्या गुरुवारी सकाळी दहापासून स्टँडवर बसले. परकर भिजवला, वाळला, भिजवला. ती आली नाही. खोलीवर गेले तर नवा रंग देणं चाललं होतं. घरमालकाला कुणीतरी त्या कोण ते सांगितलं होतं आणि त्यानं सामान रस्त्यावर काढलं होतं. कुठं गेल्या ते त्याला ठाऊक नव्हतं आणि असतं तरी मला सांगायची त्याची इच्छा नव्हती. शेवटच्या गाडीनं परतताना परकर माझ्या मांडीवर ओलाच होता.

त्या पावसाळ्यात नांदेडला आमच्या खात्याची एक बैठक झाली. माझ्या रजिस्टरात गुरुवारच्या पानांवर शून्य होतं. गल्ली नाही, तपासणी नाही, म्हणून शून्य. साहेबांनी ते वाचलं आणि म्हणाले, बघा, बंदीचा परिणाम, रोग शून्यावर आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून म्हणाले, "साहेब, रोग शून्य नाही, बाया शून्य आहेत." मग कुणीतरी चहा मागवला आणि पुढचा विषय निघाला.

मी बदली मागून लातूरला आले, गरोदर बायकांच्या तपासणीवर. सगळ्यांना वाटलं मुलीच्या क्लाससाठी आले. खरं कारण मलाच ठाऊक होतं. इथं हातात चुडा असलेल्या नव्या सुना येतात, एखादीच्या रक्तात तीच गरमी निघते आणि ती मला विचारते, "सिस्टर, मी तर घराच्या भायर बी पडत न्हाई." मी तिच्या नवऱ्याला बोलावून घेते. ते मान खाली घालून बसतात. मला तेव्हा चहा पिऊन घरी गेलेला तो जाडजूड माणूस आठवतो. आता त्याला परत पाठवायला कोण उरलंय?

माझ्या तपासणीच्या खोलीला रस्त्याकडं एक खिडकी आहे. दर गुरुवारी मी तिच्या गजावर पिवळा परकर वाळत घालते. आया हसतात. हसू देत. अक्काची आठवण मला रोज येते असं नाही, पण गुरुवारी चहा घेताना येतेच, आणि मग तो चहा गरम पाणीच लागतो. लेकरू झालं का, जगलं का, का तेही गेलं, हे एवढंच मला विचारायचं होतं. तिची माफी नंतर मागितली असती.

थंडी पडायला लागली होती, तेव्हा एका गुरुवारी रांगेच्या शेवटी एक बाई थांबली. सगळ्या गेल्यावर आत आली. गल्लीतली जिन्याखालची. खिडकीकडं बोट करून म्हणाली, "परकर दिसला म्हून आले." आणि ब्लाऊजमधून चौपदरी घडी घातलेलं कार्ड काढून माझ्यापुढं ठेवलं.

अक्काचं कार्ड. माझ्या दोन नव्या सह्यांखाली, तिसऱ्या चौकोनात हिमायतनगरकडच्या एका दवाखान्याचा शिक्का होता, कुण्या अनोळखी नर्सचं अक्षर. दिवस शनिवार. मी बोटांवर मोजलं. परत मोजलं. नववा दिवस होता.

"पोरगी झाली," ती म्हणाली. "धडधाकट हाय. लई रागीट हाय, तुझ्यावानी."

मी टेबलावर डोकं ठेवून हुंदके देऊन रडले. बाहेरून आया डोकावली तर तिला हाकललं. मग डोळे पुसून कार्ड नीट बघितलं. खाली 'उपचार पूर्ण' या ओळीपुढं जागा कोरी होती. मी विचारलं, तिथल्या सिस्टरनं सही का नाही केली?

"ती करत व्हती. अक्कानं करू दिली न्हाई. म्हनली, ही आमच्या सिस्टरची." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "आन् सांगितलंय, की लई कागदावर सह्या करतीस, तर ह्याच्यावर बी कर."

मी विचारलं, म्हणजे? ती म्हणाली, गल्ली बंद केली त्या दिवशी साहेबानं अर्जाचा कागद अक्काच्या तोंडापुढं नाचवला होता. अक्काला वाचता येत नाही, पण दर गुरुवारी कार्डावर पडणारी ती सही तिला पाठ होती. म्हणजे स्टँडवर माझ्या मागं येऊन हसली तेव्हा तिला ठाऊक होतं. रसवंतीत ठाऊक होतं. माझ्या हातून सुई टोचून घेताना तिला ठाऊक होतं.

"कुठं आहे ती?" मी विचारलं. "मला नुसतं एकदा भेटायचंय. लेकराला बघायचंय."

"पत्ता न्हाई द्यायचा म्हनली. कुनालाच न्हाई." मग माझी दया आली असेल, हळूच म्हणाली, "तुला बी न्हाई, सिस्टर. कार्ड तेवढं परत दे, सही झालेली तिला बगायचीय."

मी पेन घेतलं. कार्ड दुसऱ्या हातानं दाबून धरलं. कोऱ्या जागेत सावकाश सही केली, तिला ओळखू येईल अशी. खाली हुद्दा लिहिला नाही.